स्विचमधली रांग: कारखान्याच्या नेटवर्कसाठी बफर आणि शेड्युलिंग कसं लावायचं

स्विचच्या पोर्टवर सरासरी वापर जेमतेम २० टक्के दिसतो, तरी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळतात. कॅमेऱ्याचं चित्र मध्येच चौकटी-चौकटींनी फुटतं, ईआरपीचा (कारखान्याचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीन थिजतो, फोनवर समोरच्याचा अर्धा शब्द ऐकूच येत नाही. अशा वेळी लगेच मोठ्या स्विचचं कोटेशन मागवलं जातं. ते कधीकधी लागतंही, पण शेवटी. त्याआधी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: रांग नेमकी कुठे लागते, किती लांब होते आणि तिच्यात कोण कोणाच्या मागे अडकतं. बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची स्विचमधली मेमरी, वाढवल्यानं वेग वाढत नाही. पॅकेट टाकून द्यायचं की नाही, हा निर्णय फक्त काही मिलिसेकंद पुढे जातो. हे एकदा पक्कं झालं की पुढच्या सगळ्या सेटिंगांना अर्थ येतो.

उदाहरणासाठी सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत सहज दिसेल असा टॉवेल-चादरींचा कारखाना घेऊ. ४० आयपी कॅमेरे, प्रत्येक १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पोर्टचा. दोन पीओई स्विच (डेटाच्याच केबलवरून वीज देणारे), त्यांचे १० जीबीपीएसचे (सेकंदाला गिगाबिट) अपलिंक मधल्या मुख्य, म्हणजे कोअर स्विचवर. कोअरवर ईआरपी सर्व्हर १० जीबीपीएसवर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर १ जीबीपीएसवर, शिवाय ६० संगणक, ३० आयपी फोन, बॅकअपची नास पेटी (नेटवर्कवरचा डिस्कसाठा) आणि बाहेर जायला १०० एमबीपीएसची इंटरनेट लाइन. हॉस्पिटल, कॉलेज किंवा पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

पायरी १: वेग कुठे बदलतो ते कागदावर काढा

रांग दोनच प्रकारच्या जागी लागते. एक, जिथे जास्त वेगाच्या पोर्टवरून कमी वेगाच्या पोर्टवर डेटा उतरतो. दोन, जिथे अनेक पोर्टांवरचा डेटा एकाच वेळी एका पोर्टवर जातो. नेटवर्कच्या नकाशावर या जागांना लाल खूण करा. आपल्या उदाहरणात तीन खुणा पडतात: एनव्हीआरचा १ जीबीपीएस पोर्ट (४० कॅमेरे एका पोर्टवर), संगणकांचे १ जीबीपीएस पोर्ट (समोर १० जीबीपीएसचा सर्व्हर) आणि इंटरनेटची लाइन. बाकी कुठेही बफरची सेटिंग बदलायची गरज नाही.

१० जीबीपीएसवरून येणारा डेटा १ जीबीपीएसच्या पोर्टवर उतरत असेल, तर दर सेकंदाला ९ गिगाबिट मागे साठतात. या वेगानं १ एमबीचा (८ मेगाबिटचा) बफर ०.९ मिलिसेकंदाच्या आत भरतो आणि रिकामा व्हायला ८ मिलिसेकंद घेतो. भरणं आणि रिकामं होणं यांतली ही तफावत हेच सगळ्या त्रासाचं मूळ. पाच मिनिटांच्या सरासरीवर काढलेल्या आलेखात त्याचा मागमूसही दिसत नाही.

पायरी २: गळती रांगेमुळेच होते का, ते तपासा

पोर्टचे काउंटर उघडले की दोन वेगळे आकडे दिसतात. सीआरसी (डेटा बिघडून आल्याची नोंद) किंवा इनपुट एरर वाढत असतील तर दोष केबल, कनेक्टर, एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं मॉड्यूल) किंवा डुप्लेक्सच्या न जुळण्यात आहे. तिथे क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंग) लावून काहीच होत नाही. आउटपुट ड्रॉप किंवा आउटपुट डिस्कार्ड वाढत असतील, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

सोलापुरात याच पायरीवर आणखी एक तपासणी करावी. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा तूस स्विचच्या जाळीवर आणि पंख्यावर बसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला स्विच किंवा एसएफपी चुका करू लागतो आणि त्याची लक्षणं वरवर गर्दीसारखीच दिसतात. काउंटर वाचायच्या आधी जाळी साफ करा, तापमानाची नोंद पाहा.

मग ड्रॉपचा काउंटर दर १ सेकंदाला वाचणारी छोटी स्क्रिप्ट लावा. ती दिवसभर चालवली की ड्रॉप कधी उसळतात ते कळतं: पाळी बदलताना, रात्री बॅकअप सुरू झाल्यावर, की वीज जाऊन परत आल्यावर. स्विचमध्ये बफर वॉटरमार्क किंवा पीक ऑक्युपन्सी असा काउंटर असेल तर तो सोन्याहून पिवळा, कारण दोन वाचनांच्या मध्ये रांग जास्तीत जास्त किती लांब झाली हे तो सांगतो.

वॉटरमार्क नसेल तर पिंगवरून (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या संदेशावरून) रांग मोजता येते. लाइन मोकळी असताना पिंगची वेळ घ्या, मग आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामनं लाइन पूर्ण भरून पुन्हा घ्या. समजा १०० एमबीपीएसच्या लाइनवर पिंग १० मिलिसेकंदांवरून १३० वर गेला. वाढलेले १२० मिलिसेकंद हाच रांगेत घालवलेला वेळ. १०० एमबीपीएस गुणिले ०.१२ सेकंद म्हणजे १२ मेगाबिट, म्हणजेच वाटेत कुठेतरी १.५ एमबीची रांग उभी आहे. १५०० बाइटची १००० पॅकेटं होतात ही. लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरांत पाठवणीच्या रांगेची मर्यादा मुळातच १००० पॅकेटांची असते, तेव्हा हा आकडा आला तर आश्चर्य वाटायला नको.

पायरी ३: झटक्याचं गणित मांडा

कॅमेऱ्यांचं उदाहरण इथे सविस्तर घेतो, कारण सरासरी किती फसवते हे त्यात स्वच्छ दिसतं.

प्रत्येक कॅमेरा सरासरी ४ एमबीपीएस पाठवतो असं धरा. ४० कॅमेऱ्यांचे १६० एमबीपीएस, म्हणजे एनव्हीआरच्या पोर्टचा वापर १६ टक्के. कागदावर सगळं आलबेल. पण व्हिडिओचा प्रवाह एकसारखा नसतो. ठरावीक अंतरानं पूर्ण चित्राची की-फ्रेम येते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. की-फ्रेम २०० केबीची धरली तर कॅमेरा ती आपल्या १०० एमबीपीएस पोर्टवरून १६ मिलिसेकंदांत सलग ओततो.

आता ४० कॅमेऱ्यांच्या की-फ्रेम एकाच वेळी आल्या तर काय होईल? १६ मिलिसेकंदांत ८ एमबी आत येतात. तेवढ्या वेळात १ जीबीपीएसचा पोर्ट २ एमबी बाहेर काढतो. उरलेल्या ६ एमबीला जागा हवी. छोट्या गिगाबिट स्विचमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून एक-दोन एमबी किंवा त्याहूनही कमी बफर असतो, त्यामुळे बाकीचं सांडतं. प्रवाह यूडीपीवर (गळलेलं पॅकेट परत न पाठवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र फुटलेलं राहतं. टीसीपीवर (गळलेलं परत पाठवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर फुटत नाही, मागे पडतं.

हे गणित उलटं करून पाहिलं की उपाय सापडतो. एका वेळी १० कॅमेरे बोलले तर १ जीबीपीएस आत, १ जीबीपीएस बाहेर, रांग लागतच नाही. २० बोलले तर २ एमबी साठतात. एरवी कॅमेऱ्यांच्या की-फ्रेम आपोआप विखुरलेल्या असतात. त्या एका रेषेत येण्याची शक्यता वाढते ती वीज परत आल्यावर किंवा एनव्हीआर पुन्हा सुरू झाल्यावर, कारण तेव्हा सगळ्या जोडण्या एकदम होतात आणि नवी जोडणी झाली की बरेच एनकोडर आधी की-फ्रेम पाठवतात. म्हणून एनव्हीआर आणि कोअर स्विच यूपीएसवर ठेवा. कॅमेऱ्यांचे चार गट करून की-फ्रेमचं अंतर वेगवेगळं ठेवा, उदाहरणार्थ ५०, ४८, ४५ आणि ४२ फ्रेम. एका गटात दहापेक्षा जास्त कॅमेरे नकोत. कॅमेऱ्यात कमाल बिटरेटची मर्यादा आणि स्मूदिंगची सोय असेल तर दोन्ही वापरा. यातल्या एकाही गोष्टीला नवीन स्विच लागत नाही.

पायरी ४: स्विच आपली मेमरी कशी वाटतो ते समजून घ्या

आजच्या बहुतेक डेटा सेंटर आणि कॅम्पस स्विचमध्ये एकच सामायिक मेमरी असते आणि सगळ्या पोर्टांच्या रांगा तिच्यातून जागा घेतात. एका रांगेनं सगळी मेमरी गिळू नये म्हणून मर्यादा लागते. ती ठरवण्याची जी पद्धत सर्वाधिक रूढ आहे ती अभिजित चौधरी आणि एलन हाने यांनी १९९८ मध्ये मांडली. प्रत्येक रांगेची कमाल लांबी = अल्फा × सध्या मोकळी असलेली मेमरी. अल्फा हा आपण ठरवायचा गुणक. एवढंच सूत्र, पण फार हुशार.

१२ एमबीचा बफर आणि अल्फा १ घ्या. एकाच पोर्टवर गर्दी असेल तर त्याची रांग ६ एमबीवर थांबते, कारण तेव्हा मोकळी मेमरीही ६ एमबीच उरलेली असते. दोन पोर्टांवर गर्दी झाली की प्रत्येकी ४ एमबी आणि ४ एमबी मोकळे. मोकळी ठेवलेली ही जागा वाया जात नाही, पुढच्या क्षणी ज्या पोर्टवर झटका येईल त्याच्यासाठी ती राखीव असते. अल्फा ८ केला तर एकटी रांग १०.६७ एमबीपर्यंत वाढते, पण नव्यानं आलेल्याला जेमतेम १.३३ एमबी मिळतात. गर्दीच्या रांगांची संख्या न असेल तर प्रत्येकीला अल्फा × बफर ÷ (१ + न × अल्फा) एवढी जागा मिळते. हे सूत्र वहीत लिहून ठेवा, सेटिंग बदलण्याआधी दर वेळी लागतं.

व्यवहारात असं करा. एनव्हीआरच्या पोर्टवर कॅमेऱ्यांच्या रांगेचा अल्फा वाढवा (२ किंवा ४), कारण तिथे झटके मोठे असतात आणि पाच-पन्नास मिलिसेकंदांचा उशीर चालतो. आवाजाच्या (फोन कॉलच्या) रांगेचा अल्फा मोठा ठेवायचं कारण नाही, ती लांब होऊच द्यायची नाही. बॅकअपच्या रांगेचा अल्फा १/२ किंवा त्याहून कमी ठेवा. बॅकअप टीसीपीवर चालतो, दोन पॅकेटं गळली की तो स्वतःच वेग कमी करतो.

मेमरी सेलमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या कप्प्यांत वाटलेली असते, हेही लक्षात ठेवा. सेल २०८ बाइटचा असेल तर ६४ बाइटचं पॅकेटही पूर्ण सेल अडवतं आणि २१८ बाइटचं पॅकेट दोन. जी.७११ कोडेकचं २० मिलिसेकंदांचं आवाजाचं पॅकेट इथरनेटवर बरोबर २१८ बाइटचं होतं. म्हणून माहितीपत्रकातले एमबी आणि प्रत्यक्ष मावणारे एमबी यांत छोट्या पॅकेटांच्या वेळी मोठा फरक पडतो.

जुन्या स्विचवर एक खाचखळगा आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० आणि ३७५० मालिकेत क्यूओएस चालू केलं की पोर्टचा बफर चार रांगांत विभागला जातो, प्रत्येकीला २५ टक्के. बहुतेक डेटा एकाच रांगेत जात असल्यानं तिच्या वाट्याला आधीपेक्षा कमी जागा येते आणि क्यूओएस चालू केल्यावर ड्रॉप कमी होण्याऐवजी वाढतात. तिथे क्यूओएस चालू करतानाच सर्वसाधारण डेटाच्या रांगेचा वाटा आणि कमाल मर्यादा वाढवणं भाग आहे.

पायरी ५: वर्ग करा, खुणा लावा, वेळापत्रक ठरवा

स्विचच्या पोर्टला सहसा आठ रांगा असतात. आठही वापरायचा मोह टाळा. पाच पुरतात: नियंत्रण, आवाज, ईआरपी, व्हिडिओ आणि बाकी सगळं. बॅकअप त्या ‘बाकी’त टाका.

कोणतं पॅकेट कोणत्या वर्गाचं हे सांगणाऱ्या खुणेसाठी आयपी हेडरमधला डीएससीपी हा आकडा वापरा, तो सहा बिटांचा असतो. आवाजाला ४६, व्हिडिओला ३४, राउटिंगच्या नियंत्रणाला ४८, ईआरपीला १८ किंवा २६, बाकीच्याला ०. फोन आणि कॅमेरे खूण स्वतः लावू शकतात, पण बरेच स्विच ‘ट्रस्ट’ सांगितल्याशिवाय ती मानत नाहीत. आणि संगणकांच्या पोर्टवर ट्रस्ट देऊ नका, नाहीतर कोणाच्याही यंत्रातलं डाउनलोडर आवाजाच्या रांगेत शिरेल.

नियंत्रणाची रांग सगळ्यांच्या वर हवी. रॅपिड स्पॅनिंग ट्रीचे (लूप होऊ नये म्हणून जादा जोडण्या बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) संदेश दर २ सेकंदांनी येतात आणि सलग तीन चुकले की शेजारी गेला असं समजलं जातं. गर्दीत हेच संदेश गळाले तर बंद ठेवलेला पोर्ट उघडू शकतो, लूप तयार होतो आणि साध्या गर्दीचं रूपांतर संपूर्ण बंद पडण्यात होतं.

आवाजाला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी द्या (तिची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या थांबतात), पण मर्यादेसह. एका कॉलला एका दिशेनं ८७.२ केबीपीएस लागतात, ३० कॉलना सुमारे २.६ एमबीपीएस. इंटरनेटच्या पोर्टवर ५ एमबीपीएसचं पोलिसिंग (त्यावरचं टाकून देणं) लावा. मर्यादा नसलेली स्ट्रिक्ट रांग धोक्याची, कारण चुकीची खूण लागलेला एक मोठा प्रवाह खालच्या सगळ्या रांगांना उपाशी ठेवतो.

उरलेल्या तीन रांगांमध्ये डेफिसिट राउंड रॉबिन ही पाळीपाळीनं सोडण्याची पद्धत लावा. साधा वेटेड राउंड रॉबिन पॅकेटं मोजतो. एका रांगेत १५०० बाइटची आणि दुसरीत २०० बाइटची पॅकेटं असतील, तर ‘समान’ पाळीतही पहिलीला साडेसातपट वाटा मिळतो. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीज यांच्या १९९५ च्या पद्धतीत बाइट मोजले जातात. प्रत्येक फेरीत रांगेच्या खात्यात ठरलेला क्वांटम जमा होतो आणि खात्यात पुरेशी शिल्लक असेल तरच पुढचं पॅकेट सुटतं. क्वांटम १५०० आहे आणि पुढे १२०० बाइटचं पॅकेट आहे असं धरा. ते सुटलं, शिल्लक ३००. मागचं पॅकेट १५०० चं, ते थांबलं. पुढच्या फेरीत शिल्लक १८००, पॅकेट सुटलं, पुन्हा ३०० उरले. रांग रिकामी झाली की शिल्लक शून्यावर आणतात. नाहीतर गप्प बसलेली रांग शिल्लक साठवून नंतर एकदम लाइन अडवेल.

आपल्या उदाहरणात ईआरपीला ६०००, व्हिडिओला ४५०० आणि बाकीला १५०० बाइटचा क्वांटम ठेवला तर वाटप ५०, ३७.५ आणि १२.५ टक्के होतं. एखादी रांग रिकामी असेल तर तिचा वाटा इतरांत जातो, म्हणून रात्री बॅकअपला पूर्ण लाइन मिळते. पूर्ण फेरी १२,००० बाइटची, म्हणजे १ जीबीपीएसवर ९६ मायक्रोसेकंदांची आणि १०० एमबीपीएसवर जवळपास १ मिलिसेकंदाची. क्वांटम उगाच दसपट केला तर प्रमाण तेच राहील, पण फेरी दसपट लांबेल आणि छोट्या पॅकेटांना तेवढी वाट पाहावी लागेल. उलट, सर्वांत मोठ्या पॅकेटपेक्षा क्वांटम लहान ठेवला तर शेड्युलरला काही फेऱ्या नुसत्याच फिराव्या लागतात. जंबो फ्रेम वापरत असाल तर सर्वांत लहान क्वांटमही ९००० च्या वर न्या.

पायरी ६: पॉज बंद करा, आणि कारण समजून घ्या

अनेक स्विच आणि नेटवर्क कार्डांवर ८०२.३एक्स फ्लो कंट्रोलची सोय असते. बफर भरत आला की स्विच मागच्या यंत्राला पॉज पाठवतो. ऐकायला छान वाटतं. पण पॉज संपूर्ण पोर्टला लागतो. एनव्हीआरचा पोर्ट तुंबला म्हणून कोअर स्विचनं पीओई स्विचच्या अपलिंकला पॉज पाठवला, तर त्या अपलिंकवरचे फोन आणि ईआरपीसुद्धा थांबतात. एका पोर्टची गर्दी सगळ्यांची होते. स्विच-ते-स्विच जोडण्यांवर हे बंदच ठेवा.

याचं नाव हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग. मोठ्या स्विचच्या आतल्या रचनेचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो. सात रस्त्याच्या चौकात एकाच लेनमध्ये उजवीकडे वळणारा टेम्पो पुढे उभा असेल, तर समोरचा रस्ता मोकळा असूनही मागची सरळ जाणारी दुचाकी अडकते. स्विचच्या प्रत्येक इनपुटला एकच रांग ठेवली तर नेमकं हेच होतं. मार्क करोल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की असा स्विच पोर्टांची संख्या वाढेल तसा ५८.६ टक्के क्षमतेवर अडकतो. अचूक सांगायचं तर २ उणे वर्गमूळ २. बफर कितीही मोठा केला तरी यापुढे जाता येत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक इनपुटवर प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग, अर्थात व्हर्च्युअल आउटपुट क्यू. १६ पोर्टांना २५६ रांगा, आठ वर्ग धरले तर २०४८. आता अडचण निवडीची: प्रत्येक क्षणी कोणत्या इनपुटनं कोणत्या आउटपुटला पाठवायचं? एका इनपुटला एकच आउटपुट, एका आउटपुटला एकच इनपुट. वेळही फार नाही, १० जीबीपीएसवर ६४ बाइटचा सेल (इथे पॅकेटचा ठरावीक मापाचा तुकडा) ५१.२ नॅनोसेकंदांत संपतो.

निक मॅककिओन यांचा आयस्लिप हा अल्गोरिदम ही निवड तीन पावलांत उरकतो. प्रत्येक इनपुट, ज्या ज्या आउटपुटसाठी त्याच्याकडे सेल आहेत त्या सगळ्यांना मागणी पाठवतो. प्रत्येक आउटपुट आपल्या फिरत्या काट्यापासून पुढे जी पहिली मागणी येते तिला होकार देतो. एकापेक्षा जास्त होकार मिळालेला इनपुट आपल्या काट्याप्रमाणे एक स्वीकारतो. उरलेल्यांसाठी हेच पुन्हा. १६ पोर्टांना सरासरी चारच्या आत फेऱ्या पुरतात. यातली खरी करामत एका बारीक नियमात आहे. आउटपुटचा काटा होकार दिल्यावर हलत नाही, तो होकार स्वीकारला गेला तरच हलतो, आणि तोही पहिल्या फेरीतच. त्यामुळे सगळ्या आउटपुटांचे काटे एकाच इनपुटवर रोखलेले राहत नाहीत, गर्दी वाढेल तसे ते आपोआप विखुरतात. समान विभागलेल्या डेटावर एका फेरीतही १०० टक्के क्षमता गाठता येते. यादृच्छिक निवडीची जुनी पद्धत एका फेरीत ६३ टक्क्यांच्या आसपास थांबते. कोणत्याही मागणीला कायम डावललं जात नाही, हा आणखी एक फायदा.

सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे. महागडं उपकरण लागत नाही, पायथनमध्ये शंभर ओळींत सिम्युलेटर होतो. आधी एकेरी रांगेचा, सतत भरलेल्या इनपुटांचा स्विच लिहा. एक लाख स्लॉट (एक सेल पाठवण्याइतका एकेक क्षण) चालवा, पहिले दहा हजार मोजू नका. २ पोर्टांना ०.७५, ४ पोर्टांना ०.६५५, ८ पोर्टांना ०.६१८ एवढी क्षमता यायला हवी. ४ पोर्टांना ०.६८४ आणि ८ पोर्टांना ०.६५६ आली तर चूक ठरलेली आहे: हरलेल्या पॅकेटचं गंतव्य पुढच्या स्लॉटमध्ये तुम्ही नव्यानं काढताय. हरलेलं पॅकेट तेच गंतव्य घेऊन रांगेत पुढे उभं राहिलं पाहिजे. २ पोर्टांवर दोन्ही प्रकारे ०.७५ च येतं, म्हणून तेवढ्याच चाचणीवर विसंबू नका. हे जुळलं की आयस्लिप लिहा आणि काटा हलवण्याचा नियम मुद्दाम बिघडवून पाहा. त्या एका ओळीचं महत्त्व लगेच समोर येतं.

पायरी ७: इंटरनेटच्या लाइनवरची रांग स्वतःकडे ओढा

बाहेर जाणाऱ्या बाजूला सर्वाधिक होणारी चूक ही. लाइन १०० एमबीपीएसची, पण राउटरचा पोर्ट १ जीबीपीएसचा. राउटरच्या दृष्टीनं गर्दी कधी होतच नाही. रांग लागते ती सेवा देणाऱ्याच्या उपकरणात, आणि तिथे तुमच्या खुणा बहुधा कोणी पाहत नाही. पायरी ५ मधली सगळी मेहनत वाया.

म्हणून बाहेर जाणारा वेग राउटरवर ९५ एमबीपीएसला शेप करा, म्हणजे त्यावरचा डेटा रांगेत रोखून धरा. पाच टक्के सोडले की रांग तुमच्या हातात येते आणि मग तिच्यावर वर्ग लावता येतात.

या रांगेची लांबी किती हवी? जुना नियम वेग गुणिले जाऊन-येऊन एका फेरीचा वेळ असा आहे. ३० मिलिसेकंदांच्या फेरीला १०० एमबीपीएसवर ३ मेगाबिट, म्हणजे ३७५ केबी, २५० पॅकेटं. फेरीचा वेळ अंदाजानं धरू नका, प्रत्यक्ष मोजा. प्रकाश फायबरमधून किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो, तेव्हा मुंबईपर्यंतच्या ४०० किलोमीटरला जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. बाकीचा वेळ वळसे आणि रांगा खातात. २००४ मध्ये ॲपेन्झेलर, केस्लासी आणि मॅककिओन यांनी दाखवलं, की हजारो स्वतंत्र प्रवाह असतील तर हा आकडा प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागता येतो. १० जीबीपीएसच्या, ५०,००० प्रवाहांच्या लाइनला सुमारे १० मेगाबिट पुरतात. सेवा पुरवठादाराच्या मुख्य राउटरसाठी हे खरं आहे. कारखान्याच्या लाइनवर एका वेळी चार मोठे प्रवाह असतात, तिथे हा भागाकार लावू नका.

लांबीपेक्षा उत्तम इलाज म्हणजे रांगेतला वेळ मोजणं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचा कोडेल (२०१२) हा अल्गोरिदम प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ होतं ते पाहतो. हा वेळ १०० मिलिसेकंद सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर तो पॅकेटं टाकायला लागतो, आणि टीसीपी वेग कमी करतो. क्षणिक झटका निभावतो, पण कायमची उभी राहिलेली रांग मोडतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर एफक्यू-कोडेल किंवा केक ही याच जातीची रांग निवडा, मूळचे ५ आणि १०० हे आकडे तसेच ठेवा. लाइन ४ एमबीपीएसपेक्षा हळू असेल तरच ५ चे १०-१५ करा, कारण तिथे एकच मोठं पॅकेट ३ मिलिसेकंद घेतं.

पायरी ८: तपासा, मग खरेदीचा विचार करा

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आधीचं कॉन्फिगरेशन जतन करा. मग लाइन आयपर्फ३ नं भरून ठेवून पिंग आणि कॉल तपासा. आवाजासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (उशिरातला चढउतार) ३० च्या आत आणि गळती एक टक्क्याखाली हवी. कॅमेऱ्यांसाठी खरी परीक्षा म्हणजे एनव्हीआर बंद करून चालू करणं आणि त्याच क्षणी त्याच्या पोर्टचे ड्रॉप पाहणं. महिनाअखेरीचं बिलिंग आणि रात्रीचा बॅकअप यांचा समावेश होईल इतके दिवस काउंटर नोंदवा.

एवढं करूनही एनव्हीआरच्या पोर्टवर ड्रॉप येत राहिले तर आधी त्याला १० जीबीपीएसचं कार्ड द्या. ४ जीबीपीएसचा झटका मग साठतच नाही, खोल बफरच्या स्विचपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि डिस्कचा वेग पुरेसा आहे ना तेवढं पाहावं लागतं. कार्ड बसत नसेल तर दोन १ जीबीपीएस पोर्टांचं एलएसीपी (दोन तारांची मिळून एक जोडणी) चालेल, पण त्यात प्रत्येक प्रवाह एकाच तारेवरून जातो. म्हणून वाटणी कॅमेऱ्याच्या आयपी पत्त्यावरून होते का ते तपासा. हॅश (वाटणीचं सूत्र) फक्त गंतव्य पत्ता पाहत असेल तर चाळीसही कॅमेरे एकाच तारेवर येतील आणि दुसरी रिकामी पडून राहील.